चित्राला ‘नाही’ कोण म्हणणार?

२००१ साली न्यूयॉर्कच्या नोडलर गॅलरीतून एका खरेदीदाराने जॅक्सन पोलॉकचं म्हणून दाखवलेलं चित्र वीस लाख डॉलरना घेतलं, पण घेताना एक अट घातली. ‘इंटरनॅशनल फाउंडेशन फॉर आर्ट रिसर्च’ या संस्थेने चित्र तपासावं, आणि तिने ते पोलॉकचं मानलं नाही तर आपले पैसे परत मिळावेत. नोडलर ही काल-परवा उघडलेली गॅलरी नव्हती. १८४६ पासून चालत आलेली आणि अमेरिकेतल्या बड्या संग्राहकांना चित्रं पुरवणारी ती नामांकित पेढी होती. तरीही २००३ मध्ये संस्थेने कळवलं की हे चित्र पोलॉकचं म्हणून आम्ही स्वीकारू शकत नाही. पोलॉकचा मित्र अल्फान्सो ओसोरिओ याच्या मध्यस्थीने ते विकलं गेलं होतं, ही सोबतची हकिगतही संस्थेला पटली नाही. गॅलरीने पैसे परत केले. मग हकिगतीतला मध्यस्थ बदलला, ओसोरिओच्या जागी डेव्हिड हर्बर्ट हे नाव आलं, आणि त्याच वाटेने आलेली चित्रं पुढे अनेक वर्षं विकली जात राहिली.

त्या काळात झालेल्या दोन खरेदी पाहू. २००४ मध्ये एका दांपत्याने मार्क रॉथकोचं म्हणून एक चित्र ८३ लाख डॉलरना घेतलं. गॅलरीने ते स्वतः साडेनऊ लाखांना घेतलं होतं, हे पुढे खटल्यात उघड झालं. २००७ मध्ये लंडनच्या एका गुंतवणूकदाराने आणखी एका ‘पोलॉक’साठी एक कोटी सत्तर लाख डॉलर मोजले. रासायनिक तपासणीत त्या चित्रात असं पिवळं रंगद्रव्य सापडलं, जे १९५६ मध्ये पोलॉक वारला तेव्हा बाजारात आलेलंच नव्हतं. एका चित्रावर तर पोलॉकच्या सहीतलं स्पेलिंगही चुकलेलं होतं. ही सगळी चित्रं न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या एका चिनी चित्रकाराने रंगवली होती आणि ती आणणाऱ्या बाईने २०१३ मध्ये गुन्हा कबूल केला. नोडलर २०११ मध्येच बंद पडली होती. गॅलरीच्या संचालिकेने आपणही फसलो असंच शेवटपर्यंत सांगितलं आणि त्यांच्यावर फौजदारी खटला झाला नाही.

२००१ च्या खरेदीदाराची नजर इतरांपेक्षा तीक्ष्ण होती असं मानायला काही आधार नाही. त्याने एवढंच केलं की, ‘नाही’ म्हटल्याने ज्याचं काही बुडणार नाही अशा कुणाला तरी चित्र दाखवलं, आणि तेही व्यवहार पक्का होण्याआधी. पुढच्या खरेदीदारांनाही तज्ज्ञांची नावं मिळाली होती. ‘रॉथको’ घेणाऱ्या दांपत्याला गॅलरीने पत्रातून अनेक नामवंतांची यादी दिली, त्यात खुद्द रॉथकोचा मुलगाही होता. मात्र पत्रात या मंडळींनी चित्र पाहिलं आहे एवढंच म्हटलं होतं. खटल्यात साक्षीला आल्यावर त्यांनी सांगितलं की आम्ही चित्र खरं असल्याचा निर्वाळा दिलेला नव्हता. त्यांच्यापैकी कुणालाही खरेदीदाराने नेमलं नव्हतं, कुणी लेखी अहवाल मागितला नव्हता, आणि चित्र खोटं असू शकतं का, हा सरळ प्रश्नही विचारला नव्हता. स्वतंत्र सल्ला हा माणसाच्या सचोटीपेक्षा व्यवहाराच्या रचनेवर जास्त अवलंबून असतो, असं मला ठामपणे वाटतं. तज्ज्ञाला कोण नेमतो, पैसे कोण देतो, प्रश्न कोणता विचारला जातो आणि नकार दिला तरी मोबदला तोच राहतो का, या चार गोष्टींवर त्या सल्ल्याची किंमत ठरते.

भारतीय चित्रबाजाराला हे आज लागू पडतं, कारण तो बाजार एका पिढीत पार बदलला आहे. २००२ मध्ये तैयब मेहता यांचं ‘सेलिब्रेशन’ क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे दीड कोटी रुपयांना गेलं, तेव्हा त्या आकड्याची देशभर चर्चा झाली. डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीजने मुंबईत ताजमहाल हॉटेलात भारतातला आपला पहिला लिलाव केला. त्यात नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांच्या १९७९ सालच्या चित्राला २३.७ कोटी मिळाले. मार्च २०२५ मध्ये हुसेन यांचं ‘ग्राम यात्रा’ न्यूयॉर्कमध्ये सुमारे ११८ कोटींना विकलं गेलं. किमतींपेक्षाही मोठा बदल चित्रं ज्या वाटेने येतात त्या वाटेत झाला आहे. मुंबईत सूझा, रझा, हुसेन यांच्या प्रोग्रेसिव्ह गटाच्या सुरुवातीच्या काळात रूडी फॉन लायडन किंवा इमॅन्युएल श्लेसिंजर यांच्यासारखे रसिक चित्रकाराला प्रत्यक्ष ओळखत होते. होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी चित्रं घेतली, तीही हयात, तरुण चित्रकारांची. चित्र खरं की खोटं, हा प्रश्न तेव्हा उठतच नव्हता. आता सूझा, गायतोंडे, मेहता, हुसेन, रझा यांपैकी कुणीही नाही. चित्रं तिसऱ्या-चौथ्या हाती फिरतात, आणि लिलावात बोली लावणारा कित्येकदा चित्र मोबाइलच्या पडद्यावरच पाहतो. शंका आली तर ज्याला विचारावं तो माणूस गेला आणि शंका यावी इतके पैसे मात्र आले, अशी आजची अवस्था आहे.

चित्रकार हयात असतानाही काय घडू शकतं, ते जानेवारी २००९ मध्ये दिल्लीत दिसलं. रझा यांच्या सुरुवातीच्या चित्रांचं प्रदर्शन एका गॅलरीत भरलं आणि त्याला खुद्द रझा आले. वय ८६. भिंतींवरची चित्रं पाहून त्यांनी सांगितलं की यातली बरीचशी माझी नाहीत. प्रदर्शन बंद करावं लागलं. दोन वर्षांनी कोलकात्याच्या सरकारी कला महाविद्यालयात रवींद्रनाथांची म्हणून वीस चित्रं प्रदर्शनात मांडली गेली. ती बनावट असल्याचा निष्कर्ष पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने नेमलेल्या तज्ज्ञांनी काढला. तिथे रवींद्रनाथ येऊन सांगू शकत नव्हते. यापुढे प्रोग्रेसिव्ह गटाच्या बाबतीतही आपण कायम कोलकात्याच्याच बाजूला असणार आहोत.

बाजारात जाणकारांची कमतरता आहे असं मुळीच नाही. लिलावगृहांतले तज्ज्ञ उत्तम शिकलेले असतात. त्यांच्याइतकी चित्रं जवळून हाताळायला फार थोड्यांना मिळतात आणि संशयास्पद चित्रं ते दारातूनच परत पाठवतात. क्रिस्टीज आणि सदबीज खरेदीनंतर पाच वर्षांपर्यंत अस्सलतेची हमीही देतात. पण लिलावगृह मुळात विकणाऱ्याचा प्रतिनिधी असतं आणि चित्र विकलं गेलं तरच त्याला कमिशन मिळतं. चित्राच्या अवस्थेबद्दलचा कंडिशन रिपोर्ट तेच देतं, पण चित्र आहे त्या स्थितीत विकलं जात आहे असं अटींमध्येही तेच लिहितं. गॅलरीचं हित तिने मांडलेल्या चित्रकाराची किंमत चढती राहण्यात असतं. चित्रकाराच्या घरची मंडळी प्रमाणपत्रं देतात, पण त्यांच्याकडेही विकायची चित्रं असू शकतात. हे सगळे प्रामाणिक असले तरी प्रत्येकाचं ज्ञान विक्रीला बांधलेलं राहतं. फ्लॅट घेताना बिल्डरचा वकील कितीही सज्जन असला तरी आपण आपल्या वकिलाकडून सर्च रिपोर्ट काढून घेतो आणि त्यात बिल्डरला अपमान वाटत नाही. कोट्यवधींचं चित्र घेताना मात्र अशी मागणी केली तर समोरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल, या संकोचाने कित्येकजण गप्प बसतात. संग्राहकांच्या लहान, ओळखीपाळखीच्या वर्तुळात हा संकोच चांगलाच महाग पडतो.

मोबदल्याची रचना चुकली की चांगला तज्ज्ञही कसा अडकतो, हे जर्मनीतल्या बेल्ट्राची प्रकरणात दिसलं. वोल्फगांग बेल्ट्राचीने जुन्या चित्रांच्या नकला केल्या नाहीत. याद्यांमध्ये नाव असलेली पण हरवलेली चित्रं त्याने नव्याने ‘शोधून’ काढली. त्यांच्या पाठीमागे आल्फ्रेड फ्लेखटहाइम या विक्रेत्याच्या संग्रहाची लेबलं चिकटवली होती. लाकडी ठशाच्या छापासारखं दिसणारं, वर फ्लेखटहाइमचा चेहरा असलेलं ते लेबल पाहूनच एका अभ्यासकाला संशय आला, कारण इतका चोखंदळ विक्रेता असलं बटबटीत लेबल कधी वापरेल हे त्याला पटेना. १९१४ चं म्हणून विकलेल्या एका चित्रात टायटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग सापडला. तो रंग त्या काळी चित्रकारांना उपलब्धच नव्हता. तेच चित्र २००६ मध्ये कोलोनच्या लिलावात २८ लाख युरोंहून अधिक किमतीला गेलं होतं. याच टोळीच्या माक्स एर्न्स्टच्या बनावट चित्रांना वेर्नर स्पीस यांनी खरं ठरवलं होतं. एर्न्स्टचा त्यांच्याहून मोठा जाणकार शोधूनही सापडला नसता. ते कटात सामील नव्हते, तेही फसले. पण त्या विक्रींतून त्यांना मोबदला मिळाला होता. चित्र खरं ठरलं तरच ज्याचं पान वाढलं जातं, त्याच्या नजरेला शंका थोडी उशिरा दिसते. त्यासाठी मनात पाप असावं लागत नाही.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप १९३७ मधल्या एका घटनेतून घेता येतो. डच चित्रकलेचे थोर अभ्यासक आब्राहाम ब्रेडियस यांनी एमाउसच्या भोजनप्रसंगाचं एक चित्र व्हर्मीरचंच, किंबहुना त्याची सर्वश्रेष्ठ कृती म्हणून गौरवलं. रॉटरडॅमच्या संग्रहालयाने ते घेतलं. पुढे १९४५ मध्ये हान फान मेखेरेनने कबूल केलं की ते आपणच रंगवलं, आणि रसायनशास्त्रज्ञांना त्यात बेकेलाइटच्या जातीचं, विसाव्या शतकातलं राळद्रव्य सापडलं. ब्रेडियस यांना कुणी विकत घेतलेलं नव्हतं. उलट डुव्हीन या बड्या व्यापाऱ्याच्या माणसांनी तेच चित्र पॅरिसमध्ये पाहून खोटं म्हणून सोडून दिलं होतं. म्हणजे व्यापारी बरोबर निघाले आणि स्वतंत्र तज्ज्ञ चुकला. मग स्वातंत्र्याचं एवढं काय?

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. त्यातून दोन गोष्टी शिकाव्या लागतात. डुव्हीनची माणसं पैसे घालणाऱ्याच्या बाजूने चित्र पाहत होती. नाकारण्यात त्यांचं काहीच जात नव्हतं, उलट पैसे वाचत होते. व्यापारी असूनही त्या दिवशी त्यांची जागा बरोबर होती. ब्रेडियस मात्र पैशांपासून मुक्त असूनही एका आवडत्या तर्कापासून मुक्त नव्हते. तरुण व्हर्मीरने इटालियन वळणाची धार्मिक चित्रं काढली असावीत असा तर्क अभ्यासकांत चालू होता आणि बनवणाऱ्याने नेमकं त्या तर्काला पटेल असं चित्र तयार केलं. म्हणून एकट्या डोळ्यावर विसंबणं, मग तो डोळा कितीही स्वतंत्र असो, पुरेसं नाही. शैली पाहणारा अभ्यासक, कॅनव्हास आणि रंग तपासणारी प्रयोगशाळा आणि चित्राचा मालकी-इतिहास म्हणजे प्रोव्हनन्स शोधणारा संशोधक, हे तिघं एकमेकांपासूनही वेगळे असावे लागतात. नोडलरची चित्रं पाहणाऱ्या अनेकांना ती सुंदर वाटली होती. ती पडली रंगद्रव्यावर आणि कागदपत्रांवर.

प्रयोगशाळेलाही हीच कसोटी लावावी लागते. नोडलरची चित्रं उघडी पाडणारे जेम्स मार्टिन हे संवर्धक-शास्त्रज्ञ ओरायन अॅनालिटिकल ही स्वतःची प्रयोगशाळा चालवत. सदबीजने फ्रान्स हाल्सचं म्हणून विकलेलं एक चित्र त्यांच्याच तपासणीनंतर बनावट ठरलं आणि सदबीजने खरेदीदाराला पैसे परत केले. २०१६ संपता संपता सदबीजने ती प्रयोगशाळाच विकत घेतली. लिलावगृहाने आपल्या दारातच तपासणी कडक करावी हे चांगलंच. पण बाजारातली एक स्वतंत्र जागा त्या दिवशी कमी झाली, हेही खरं. अशा जागा इतरही कारणांनी कमी होत आहेत. अँडी वॉरहॉलच्या चित्रांची पारख करणाऱ्या मंडळावर खटला झाला. बचावासाठी सुमारे सत्तर लाख डॉलर खर्च झाल्यावर वॉरहॉल फाउंडेशनने मंडळ बंद करायचं ठरवलं. २०१२ मध्ये बास्कियाच्या चित्रांची समितीही बरखास्त झाली. किमती वाढल्या की ‘नाही’ ऐकणाऱ्याचं नुकसान वाढतं, मग तो कोर्टात जातो, मग ‘नाही’ म्हणणारे गप्प होतात. बाजार जितका मोठा होतो तितके त्यातले निर्भय आवाज कमी होतात, हे उलटं गणित मला या सगळ्यातलं सर्वांत काळजी करण्यासारखं वाटतं. खरेदीदाराने आधीच लेखी करार करून, प्रामाणिकपणे दिलेल्या मताबद्दल तज्ज्ञावर दावा लावणार नाही हे मान्य करणं, हा त्यावरचा निदान वैयक्तिक पातळीवरचा उपाय आहे.

सल्लागारच लबाड निघाला तर? निघतात. न्यूयॉर्कमधल्या एका नामवंत सल्लागाराने ग्राहकांचे लाखो डॉलर परस्पर वापरल्याचा गुन्हा २०२४ मध्ये कबूल केला. दिमित्री रिबोलोव्हलेव्ह हे रशियन अब्जाधीश आणि ईव्ह बूव्हिए हे स्विस व्यावसायिक यांच्यातला वाद तर अनेक देशांच्या कोर्टांत चालला. लिओनार्दोचं मानलं जाणारं ‘साल्व्हातोर मुंदी’ बूव्हिए यांनी २०१३ मध्ये सुमारे आठ कोटी डॉलरना घेऊन रिबोलोव्हलेव्ह यांना पावणेतेरा कोटींना दिलं. तुम्ही माझे सल्लागार होतात, असं एकाचं म्हणणं. मी स्वतंत्र विक्रेता होतो, असं दुसऱ्याचं. बूव्हिए यांनी गैरव्यवहाराचे आरोप कायम नाकारले आणि २०२३ मध्ये जिनिव्हातलं प्रकरण तडजोडीने मिटलं. कोण बरोबर होतं हा वाद बाजूला ठेवला तरी अब्जावधींच्या व्यवहारात समोरचा माणूस टेबलाच्या कुठल्या बाजूला बसला आहे हेच दोघांना सारखं कळलेलं नसावं, यात सगळं आलं. सल्लागार स्वतः चित्रं विकत नाही, कुठल्याही विक्रेत्याकडून कमिशन घेत नाही, आणि त्याची फी ठरावीक आहे, खरेदीच्या टक्केवारीत नाही, हे तीन मुद्दे लिहून घ्यायला वकीलही लागत नाही. खरेदीच्या टक्केवारीवर पैसे घेणाऱ्याला महागडं चित्र स्वस्त चित्रापेक्षा नेहमीच थोडं जास्त आवडणार.

आता सगळे भाव इंटरनेटवर दिसतात, मग सल्लागार कशाला, असंही विचारलं जातं. भाव दिसतात ते लिलावांतले. गॅलरीत आणि खासगीत झालेले व्यवहार त्यात येत नाहीत, आणि जे चित्र विकलंच गेलं नाही त्याची आठवण बाजार लवकर पुसून टाकतो. शिवाय आकडा चित्राबद्दल काही सांगत नाही. त्याच चित्रकाराचं, त्याच मापाचं, त्याच दशकातलं चित्र निम्म्या किमतीत दिसलं तर कॅनव्हास मागून नवीन अस्तराला चिकटवला आहे का, कोपऱ्यातला रंग नंतर कुणी भरला आहे का, हे पाहायला माणूस लागतो, हातात दिवा घेऊन. कायद्याचं ज्ञानही असंच. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, रवींद्रनाथ, जामिनी रॉय यांच्यासह नऊ कलावंतांची चित्रं देशाबाहेर नेता येत नाहीत. दुबईत किंवा न्यू जर्सीत घर असलेल्या मराठी माणसाने पुण्यात रविवर्मा घेतला तर तो पुण्यातच राहणार, हे पैसे देण्याआधी कुणीतरी सांगायला हवं.

मी आवडीने घेतो, गुंतवणूक म्हणून नाही, म्हणून मला हे नको, असं म्हणणाऱ्याबद्दल मला आदर आहे. जिवंत, तरुण चित्रकाराकडून पन्नास हजारांचं चित्र घेणाऱ्याला खरोखरच सल्लागाराची गरज नाही. त्याने चित्रकाराशी बोलावं, पावती घ्यावी आणि चित्र घरी न्यावं. पण आवडीनेच एखाद्याने रविवर्म्यांचं जुनं ओलिओग्राफ घेतलं, तर ते मळवलीच्या छापखान्यातलं जुनं आहे की पुढच्या काळात पुन्हा छापलेलं, हा प्रश्न आवडीचाच भाग आहे. तासाभराची फी देऊन त्याचं उत्तर मिळू शकतं. ज्याच्यावर प्रेम जडलं ते खरंच तेच आहे का, हे जाणून घेण्याने प्रेम कमी होत नाही.

‘ग्राम यात्रा’ला मिळालेल्या किमतीमागे हुसेन यांची प्रतिभा आहेच, पण आणखीही काही आहे. १९५४ मधलं हे जवळजवळ चौदा फूट रुंद चित्र, गावच्या आयुष्याची तेरा दृश्यं मांडणारं, जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत आलेल्या एका डॉक्टरने त्याच वर्षी घेतलं. पुढे ते नॉर्वेत ऑस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयाकडे गेलं आणि तिथे कित्येक दशकं टांगलेलं राहिलं. इतका अखंड इतिहास भारतीय चित्राला क्वचित मिळतो, कारण आपण तो लिहून ठेवला नाही. रझा यांच्या चित्रांची सविस्तर, चित्रागणिक नोंद देणाऱ्या सूचीचा पहिला खंड २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रं काढत, त्यामुळे त्यांची अशी सूची करणं आवाक्यातलं आहे. कृष्णाजी आरा यांची फुलं आणि स्थिरचित्रं शेकडो घरांत विखुरलेली आहेत, तिथे काम कठीण आहे आणि म्हणून अधिक निकडीचं. १८८८ पासूनची बॉम्बे आर्ट सोसायटी, १९५२ पासूनचं जहांगीर कलादालन, जुन्या वृत्तपत्रांतली परीक्षणं, फ्रेम करणाऱ्यांच्या वह्या, असा कच्चा माल मुंबईत पडून आहे. त्यावरून सूची तयार करणारी संस्था विक्रीवर जगणारी असू नये, पण खर्चाचा वाटा लिलावगृहांनी आणि संग्राहकांनी मिळून उचलायला हरकत नाही, फक्त कुठलं चित्र सूचीत घ्यायचं हे ठरवण्यात त्यांचा हात नको. कागद थांबतील, डिजिटल होतील. पण आरा, गायतोंडे, मोहन सामंत यांना प्रत्यक्ष काम करताना पाहिलेली माणसं आता थोडीच उरली आहेत. कुठला कॅनव्हास कुठून यायचा, कोण रंग स्वतः घोटायचं, कुठलं चित्र कुणाच्या घरी गेलं, हे त्यांच्याकडून तारीखवार लिहून घेण्याचं काम या वर्षी सुरू झालं पाहिजे.